पापड, गंज आणि फुलांचा वाफा

"काका, तुम्ही लोखंडातले. एकदा येऊन बघा आणि सांगून टाका, हा पापड ठेवायचा की काढायचा."

रविवारी सकाळी आमच्या रहिवासी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. मी सातपूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्ये एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर असे फोन फुकटात येतात. 'पापड' म्हणजे आमच्या बागेतलं शिल्प. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूची ही बाग, नाव मुद्दाम देत नाही. बागेच्या मधोमध लालसर तपकिरी रंगाच्या तीन वाकवलेल्या प्लेट एकमेकींना टेकून उभ्या आहेत. सगळ्यात उंच साडेपाच मीटरच्या आसपास, बाकीच्या दोन तिच्या खांद्याला लागणाऱ्या. लोक त्यांना 'पत्रे' म्हणतात. जाडी १० मिलिमीटर. आमच्या धंद्यात १० मिलिमीटरला पत्रा म्हणणाऱ्याला चहा मिळत नाही.

शिल्पकार नाशिकचाच. शिल्पाला त्यानं नाव दिलेलं नाही. त्यामुळे नाव ठेवायचं काम लोकांनी केलं. तळणीत टाकल्याबरोबर पापड कडेनं वळतो, तशा त्या प्लेट वळल्यात, म्हणून पापड. मला विचाराल तर नाव चपखल आहे.

मंडळानं अर्ज तयार केला होता, खाली साठेक सह्या. तक्रारी चार. शिल्प गंजलंय, म्हणजे हलकं लोखंड वापरून कुणीतरी पैसे खाल्ले. त्याचा अर्थ लागत नाही. त्याचे डाग फरशीवर पडलेत. आणि चौथी, शेवटी घाईत लिहिलेली: मुलं त्यावर चढतात, मागच्या महिन्यात एका मुलाचं डोकं फटीत अडकलं होतं. मागणी एकच, हे काढा आणि तिथे द्राक्षाचा घड बसवा. फायबरचा, आतून दिवे असलेला.

अर्जातला क्रम मी मुद्दाम तसाच दिलाय. पुढे कामाची ठरली ती चौथी तक्रार, आणि खरा बिघाड तर चारांपैकी एकीतही नव्हता.

मंडळाच्या बैठकीत पहिला पाऊण तास अर्थावर गेला. एकाला त्यात नागाचा फणा दिसत होता, एकाला जहाजाचं शीड, एका आजोबांना 'निव्वळ भंगार'. मी ऐकत होतो. आमच्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीची आठवण झाली. पावसाळ्यात अख्खं नाशिक एकमेकांना विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. मूर्ती घडवणाऱ्याच्या मनात हे पूरमापन असेल असं वाटत नाही. गोदावरीनं आणि लोकांनी मिळून तो अर्थ चिकटवला, आणि आता तोच पहिला. पापडाला तेवढी वर्षं मिळालेली नाहीत, सातवा पावसाळा नुकता सरला होता.

द्राक्षाच्या घडावर मात्र मी तोंड उघडलं. अमेरिकेत शिकागोला १९६७ मध्ये भर चौकात पिकासोचं १५ मीटर उंचीचं शिल्प उभं राहिलं. ते बाई आहे की पक्षी की कुत्रा, कुणाला कळेना. तिथल्या एका नगरसेवकानं मागणी केली, की हे काढा आणि आपल्या लाडक्या बेसबॉलपटूचा पुतळा बसवा. म्हणजे द्राक्षाचा घड फक्त नाशिकलाच सुचतो असं नाही. ते शिल्प आजही तिथेच आहे आणि त्याच्या उतरत्या तळावरून पोरं घसरगुंडी खेळतात. ते ज्या पोलादाचं आहे त्याच जातीचं आमचं, हे सांगितल्यावर बैठक जरा शांत झाली. "म्हणजे गंजायलाच आणलंय का?" एका काकूंनी विचारलं. हो, काकू. गंजायलाच.

याचं नाव कॉरटेन. अमेरिकेतल्या एका पोलाद कंपनीनं १९३० च्या दशकात ते बाजारात आणलं, आणि सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कोळसा वाहणाऱ्या रेल्वे वाघिणी. साध्या पोलादात थोडं तांबं, क्रोमियम, निकेल, फॉस्फरस घातलेलं असतं. साध्या लोखंडाचा गंज पोकळ असतो, पापुद्रे सुटतात, खाली नवं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. असं करत सगळं संपतं. कॉरटेनचा गंज दाट बसतो, घट्ट धरून राहतो, आणि काही वर्षांत तोच आतल्या धातूचं पांघरूण होतो. म्हणून रंग लावायचा नाही. आपल्याकडे यासाठी आयएस ११५८७ हे मानक आहे, आणि रेल्वेच्या डब्यांसाठी वेगळं आयआरएस एम-४१. तुम्ही पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला गेला असाल तर जुन्या निळ्या डब्यांच्या रंगाखाली हेच पोलाद होतं.

पहिल्या काही पावसाळ्यांत त्यावरून तांबूस पाणी ओघळतं आणि खालच्या फरशीला डाग पडतात. त्यावर उपाय सोपा, खाली फरशी घालायची नाही, खडी घालायची. तिसरी तक्रार तिथेच संपली. पहिलीही संपली असं मला त्या दिवशी वाटलं. "लोखंड चांगलंय, काही झालेलं नाही," असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. पाहणी न करता. एकतीस वर्षांच्या अनुभवानं माणूस असा आळशी होतो.

दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन गेलो.

प्लेट चांगली आहे की नाही हे मशीनच्या आधी कानाला कळतं. खांद्याच्या उंचीवर हलका ठोका दिला. टण्ण. आवाज वरपर्यंत जाऊन परत आला, मागच्या बाकावरचे दोघे वळून बघायला लागले. कमरेशी ठोकलं, तेच. गुडघ्याशी जरा बसका. त्याच्या खाली हातोडी नेली तर प्लेटच नव्हती, माती होती. शिल्पाभोवती विटांचा गोल वाफा, दीड फूट उंच, त्यात लाल माती, शेणखत, झेंडू आणि कडेला तुषार सिंचनाची नळी. माती थेट प्लेटला भिडलेली. बोटभर उकरून तिथे ठोका दिला. थप्प. ओल्या भिंतीवर मारल्यासारखा.

माळीमामा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "साहेब, तिथं खुरपं लावलं की खपल्या निघत्यात. दोन वर्षं झाली." ते खोपीत गेले आणि एक घमेलं घेऊन आले. अर्धं भरलेलं. तळव्याएवढे काळपट तुकडे, तीन-चार मिलिमीटर जाड, नखानं थर सुटणारे. खरोखरच पापड. मी विचारलं, "कुणाला दाखवलं नाही का?" "दाखवलं ना. म्हणाले, गंजतंच ते, असंच असतंय."

म्हणजे मी आदल्या दिवशी बैठकीत जे बोललो, तेच.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी फुगतो, त्यामुळे चार मिलिमीटरची खपली म्हणजे चार मिलिमीटर लोखंड गेलं असं नाही; एखादा मिलिमीटर किंवा त्याहून कमी गेलेलं असतं. पण अर्धं घमेलं भरलं होतं. जुन्या वर्कशॉपमधून अल्ट्रासॉनिक जाडीमापक मागवला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागा ग्राइंडरनं चकचकीत केल्या आणि मापं घेतली. छातीच्या उंचीवर ९.७, ९.८ मिलिमीटर. मातीच्या रेषेशी ६.९, ६.४ आणि उत्तरेकडच्या प्लेटला, जिथे तुषाराचं तोंड थेट मारत होतं, ५.८.

कॉरटेनची एक अट आहे आणि ती कुणी वाचत नाही. त्याला भिजून सुकावं लागतं. भिजणं आणि सुकणं यांच्या फेऱ्यांतूनच ते पांघरूण विणलं जातं. नाशिकची हवा त्याला उत्तम: चार महिने पाऊस, मग खडखडीत कोरडं. सतत ओलं राहिलं, त्यात मातीतले क्षार आणि खत मिळालं, की हे महागडं पोलाद साध्या लोखंडासारखंच खंगतं. शिल्पकाराकडून मूळ नकाशा मागवला. त्यात तळ जमिनीपासून १५ सेंटीमीटर वर दाखवला होता, खाली खडीचा थर आणि पाणी निघून जायला उतार. बसवतानाही तसंच बसवलं होतं. पहिली दोन वर्षं तसंच होतं. मग सुशोभीकरण झालं. माळीमामांच्या शब्दांत, "बोडकं दिसत होतं ना."

हे मी पुढच्या बैठकीत सांगितलं, आणि एकदम लक्षात आलं की वाफ्याची कल्पना त्याच काकूंची होती. झेंडूची रोपं त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणली होती, दर दसऱ्याला बागेच्या फाटकाला तोरण त्याच झेंडूचं. "म्हणजे फुलांनी खाल्लं का लोखंड?" त्यांचा आवाज अगदी खाली गेला. फुलांनी नाही काकू, पाण्यानं. पण ते वाक्य अपुरं पडलं, हे मला दिसत होतं. वाफा मोडायचा नाही, फक्त दोन मीटर बाहेर सरकवायचा, असं ठरल्यावर त्या जरा सावरल्या.

आता 'काढा' म्हणणाऱ्यांना नवं कारण मिळालं: पडलं तर? प्रश्न रास्त होता. १० मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर किलो. तिन्ही मिळून तीस चौरस मीटर धरले तर २,३५५ किलो, म्हणजे सव्वादोन टनांच्या वर. पण अशा वस्तूला वजनापेक्षा वाऱ्याचं भय जास्त. बांधकामावरच्या भारांचं आपलं मानक आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिलाय. त्याचा दाब ढोबळमानानं चौरस मीटरला ९३ किलो येतो. सगळ्यात मोठी प्लेट बारा चौरस मीटरची, म्हणजे वादळात तिच्यावर अकराशे किलोंचा आडवा रेटा, तोही सरासरी पुरुषभर उंचीच्या वर. हा सगळा रेटा तळाशी पोचतो, नेमका जिथे ५.८ मिलिमीटर उरलंय तिथे. तिन्ही प्लेट एकमेकींना धरून आहेत, म्हणून उद्याच काही होणार नव्हतं. पण आणखी पाच-सहा पावसाळे या वाफ्यात काढले असते तर मी खात्री दिली नसती. त्याच दिवशी भोवती दोरी बांधून घेतली आणि तुषाराचा कॉक बंद केला. एकूण प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय तो कॉक बंद करणं होता, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

कुणी म्हणालं, मग दुसऱ्या कोपऱ्यात हलवा. जागा बदलण्यावरून न्यूयॉर्कमध्ये मोठं रामायण झालेलं आहे. रिचर्ड सेरा या शिल्पकाराची ३६ मीटर लांब, साडेतीन मीटरहून उंच कॉरटेनची भिंत १९८१ मध्ये सरकारी कचेऱ्यांच्या चौकात उभी राहिली. लोकांना रोज वळसा पडायचा. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली, १२२ जण ठेवा म्हणाले आणि ५८ जण काढा, तरी १९८९ मध्ये ती तुकडे करून नेली. सेराचं म्हणणं, ती त्या जागेसाठीच केली होती, हलवली की संपली. आमच्या बागेत वळशाचा प्रश्नच नव्हता; चालण्याचा ट्रॅक आधीपासून बाहेरून जातो. उलट संध्याकाळी चारनंतर पापडाची सावली पूर्वेकडच्या तीन बाकांवर पडते आणि 'निव्वळ भंगार' म्हणणारे आजोबा रोज त्याच सावलीत बसतात. हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही.

एक भानगड अजून सांगायची राहिली. शिल्पाचा खालचा भाग तेव्हा चंदेरी होता. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा दौऱ्याच्या आदल्या दिवशी देखभालीच्या माणसानं गंज झाकायला ॲल्युमिनियम पेंट मारला. शिडी जेवढी पोचली तेवढा. आठ फुटांवर सरळ रेष दिसत होती, पूर ओसरल्यावर घाटावर राहते तशी. शिल्पकारानं तेव्हा पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नव्हतं. आता दुरुस्तीसाठी आम्ही त्याला बोलावलं तेव्हा तो पहिलं तेच बोलला, आणि तेही तावातावानं.

कॉलनीतल्या एका वकीलबाईंनी मग कायदा समजावून सांगितला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. कलाकृती विकली, हक्क दिले, तरी तिची मोडतोड किंवा विद्रूपीकरण होऊन कलावंताच्या नावाला बट्टा लागत असेल तर तो दाद मागू शकतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं प्रचंड कांस्यभित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले अवशेष त्यांना परत करायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. मात्र २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं वास्तुविशारद राज रेवल यांच्या बाबतीत वेगळं म्हटलं: प्रगती मैदानातली त्यांची इमारत पूर्ण पाडली म्हणून कलम ५७ खाली तक्रार चालणार नाही, मालकाला पाडण्याचा हक्क आहे. म्हणजे अख्खं पाडलं तर एक न्याय आणि अर्धं रंगवलं तर दुसरा. वकीलबाई म्हणाल्या, शिल्प आणि इमारत एकाच मापानं मोजतील असं धरून चालू नका. मंडळाला त्यातून एवढंच कळलं, की शिल्पकाराला विचारल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही.

काम तीन आठवडे चाललं. वाफा मोडला, तळ उघडा केला. अँकर बोल्टच्या तीन नटांना कोपरेच उरले नव्हते, पाना धरेना. ते गॅसनं कापून नवे बसवले. प्लेटला आधी आतून टेकू दिले, मग खालचा खाल्लेला पट्टा तुकड्यातुकड्यानं कापून त्याच जातीच्या पोलादाचा नवा जोडला. वेल्डिंगची काडीही तांबं-निकेलवाली, नाहीतर सांधा वेगळ्या रंगानं गंजतो आणि शिवण जन्मभर दिसते. चंदेरी रंग सँड ब्लास्टिंगनं, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, उतरवला. त्यामुळे खालचा भाग नव्या नवरीसारखा करडा आणि वरचा जुना तपकिरी असं चमत्कारिक ध्यान झालं. रंग एक व्हायला दोन-तीन पावसाळे जातील. खाली पुन्हा खडी, पुन्हा उतार.

राहिली फट. दोन प्लेट जिथे जवळ येतात तिथे खाली २४ सेंटीमीटरची फट होती, वर निमुळती होत जाणारी. दोन मीटरवर आठ सेंटीमीटर. खेळाच्या साधनांसाठी युरोपात जे मानक आहे, ईएन ११७६, त्यात ८९ ते २३० मिलिमीटरमधली फट धोक्याची मानतात. कारण साधं आहे: लहान मुलाचं धड त्यातून जातं आणि डोकं जात नाही. आमच्या बागेत तसंच झालं होतं. वॉचमनदादांनी खोबरेल तेल चोपडून ते डोकं सोडवलं. मूल हसत होतं, आई रडत होती. हे खेळणं नाही, शिल्प आहे, हा युक्तिवाद मी शिल्पकाराकडून ऐकला. पण चार वर्षांच्या पोराला तो फरक कोण सांगणार? बागेत ठेवलेली प्रत्येक वस्तू त्याच्यासाठी खेळणंच.

शिल्पकार तीन दिवस ऐकेना. फट हाच शिल्पाचा जीव, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्यानं स्वतःच तोड काढली. फटीत मागच्या बाजूनं, हातभर आत, त्याच पोलादाची एक पट्टी, फक्त दोन मीटरपर्यंत. समोरून बघितलं तर काळोखी फट तशीच दिसते, पण आत डोकं घालायला जागा नाही. वरच्या आठ सेंटीमीटरमध्ये तसंही काही जात नाही. पट्टीचं वेल्डिंग त्यानं स्वतः केलं, आमच्या माणसाला काडी हातात घेऊ दिली नाही.

अर्ज मागे घेतला गेला नाही. फाईलमध्ये आहे, त्यावर 'दुरुस्ती केली' असा शेरा. द्राक्षाच्या घडाचं पुन्हा कुणी काढलं नाही, निवडणुकीला निघेल.

परवा संध्याकाळी बाकावर आजोबांशेजारी बसलो होतो. ते म्हणाले, "पूर्वी या वेळेला त्या फटीतून उन्हाची एक लांब पट्टी यायची. पार इथे, माझ्या चपलेपर्यंत." मी बघितलं. पट्टी होती, पण झाडांच्या बुंध्यापासून सुरू होत होती; खालची दोन मीटर नाही. मी म्हटलं, "मग अर्जावर सही का केलीत?" त्यांनी चपला जरा पुढे सरकवल्या, जिथे ऊन पडायचं तिथे. "तेव्हा येत होती ना," म्हणाले.